घरचा डी

पडद्यावर शंभर टक्के असा आकडा आला, आणि बून लिओंगच्या ध्यानात आलं. भलतंच पुसलं गेलं होतं.

तेक सेंग अंकलची डिस्क त्यानं आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या मशीनला जोडली होती. तिची प्रत ठेवायला मशीनचा डी नावाचा कप्पा मोकळा करायचा, एवढंच काम. पण दुसरी डिस्क जोडली की डी हे अक्षर तिच्याकडे जातं आणि घरचा डी मुकाट मागे सरकून ई होतो. दहा वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाला हे पाठ होतं. मशीननं विचारलंही होतं, सगळं जाईल, पुसू का? त्यानं सवयीनं हो म्हटलं, आणि अंकलची डिस्क कोरी झाली. कधीच परत येणार नाही असं पुसायचीही त्याला सवयच होती.

अंकल समोर स्टुलावर कॉफी पीत होते. टेकडीवरच्या चिनी कबरस्तानातल्या तेवीसशे शिळांवरची नावं त्यांनी सहा वर्षं दर रविवारी जाऊन उतरवली होती, ती सगळी या डिस्कवर होती. मागच्याच महिन्यात नव्या रस्त्यासाठी शिळा फोडून नेल्या.

"अंकल, फ्लॉपीवर प्रत असेल ना?"

"बुरशी चढली रे सगळ्यांवर. वह्या तर वाळवीनं कधीच खाल्ल्या. म्हणून तुझ्याकडे आणलं. का रे, एवढा घामाघूम का झालास?"

बून लिओंगनं सांगून टाकलं. अंकलनी निदान शिव्या तरी घालाव्यात, असं त्याला फार वाटत होतं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

"त्या टेकडीला महिनाभर बुलडोझर लागला," ते म्हणाले. "तुला एक बोट पुरलं."

मग त्याला उठवून ते स्वतः खुर्चीत बसले. "आठवतील तेवढी तरी उतरवू. तुझी आजी वरच्या उतारावर होती म्हणालास ना सकाळी? तुम्हा चुआ घराण्यातल्या बऱ्याच बायका होत्या तिथं, माझा गोंधळ होतो. तिच्यापासूनच सुरुवात करू. पूर्ण नाव सांग."

बून लिओंगनं तोंड उघडलं. आजीला घरात सगळे आ-मा, म्हणजे नुसतं आजी, म्हणायचे, आजोबासुद्धा. दरवर्षी चेंग बेंगच्या सणाला तो तिची शिळा घासून धुवायचा. इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्याला तिच्यावरची चिनी अक्षरं कधी वाचता आली नव्हती.

अंकलची बोटं कळफलकावर थांबली होती.

"सांग की. चुआ लिहिलं मी. पुढे?"