दात बघून घेतलेलं कॉलेज

लोणी भापकरच्या रुक्सारला दोन मेडिकल कॉलेजांत सीट मिळाली आणि घरात जुंपली. अब्बांना जुनं, नावाजलेलं कॉलेज हवं होतं, तर अम्मी नव्या कॉलेजच्या चकचकीत बिल्डिंगवर भाळली होती.

तिचे आजोबा अल्लाबक्षदादा यांचा सगळा जन्म बारामतीच्या बाजारात शेळ्यांची खरेदी-विक्री करण्यात गेलेला. "शेळी असू दे न्हायतर कॉलेज, दात बघितल्याबिगर घ्यायचं न्हाय," म्हणाले. अन् चांगले धडधाकट असताना पोट धरून कण्हत, पेशंट बनून दोन्हीकडं जायला निघाले.

जुन्या कॉलेजातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी केली आणि "आजोबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं सांगून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दादा नव्या कॉलेजात गेले. संध्याकाळी ते आले नाहीत, तिथून फोन आला. सगळं घर जीप करून धावलं.

दादा कॉटवर आडवे होते. हाताला सलाइन, पोटावर ही मोठी पट्टी.

"अपेंडिक्स काढलंय," सिस्टर म्हणाली.

रुक्सार रडकुंडीला आली. "दादा, तुमी तर दुखायचं नाटक करत व्हता ना?"

"व्हय! म्हणून तर सांगतो, हितंच नाव घाल."

 

"त्या जुन्यावाल्यांना काय बी सापडलं न्हाय," दादा पुढं म्हणाले. "ह्यांनी न दुखणाऱ्या पोटातनं बी आजार हुडकून काढला!"