फाइल धरण्याची रीत

सूचना एवढीच होती: पाय चालू, मान खाली, तोंड बंद. जमिनी दिलेल्या घरांतल्या आम्हा बायकांना औद्योगिक वसाहतीच्या नव्या शेडमध्ये शिलाई मशीनवर बसवलं होतं. गुंतवणूकदार येणार होते आणि त्यांना चालू कारखाना दिसायला हवा होता. पसंत पडला तर आम्हाला कायमची नोकरी.

"वहिनी, माझ्या मशीनला सुईच नाही," नणंद कुजबुजली.

"माझ्या मशीनला सुई आहे, पण दोरा नाही. दामट तशीच."

बाहेर फीत कापली. (टाळ्या.)

सूटवाले आत आले. त्यातला एक माझ्यापाशी थांबला. हातातली फाइल त्यानं खांद्याच्या उंचीवर, उघड्या तळहातावर तोलून धरली होती. अशी फाइल कोण धरतं? तरी मला राहवलं नाही.

"साहेब, फसू नका. इथे अजून काहीच शिवत नाहीत. पण कारखाना खरंच काढा हो, आम्हाला काम येतं."

त्यानं चोरून मागे पाहिलं. "ताई, हळू! मी कसला साहेब? केटररकडे वाढपी आहे मी. आम्हाला नुसत्या माना डोलवायला आणलंय."

(टाळ्या.)

माझे पाय थांबले. "मग आमच्या जमिनी घेतल्या कुणी?"

"नाव नाही ठाऊक. पण याच जागेवरच्या बंगल्यांचं बुकिंग गेल्या आठवड्यात सुरू झालं ना, त्या पार्टीत मी खरोखरच वाढत होतो."