जीवखडा

जैसलमेरची तिकिटं आधीच काढलेली, म्हणून माझ्या वडिलांचं, आप्पांचं, दहा दिवसांचं कार्य मी तिसऱ्याच दिवशी उरकलं. चितेभोवती फिरताना ज्या दगडाने माझ्या खांद्यावरच्या पाण्याच्या मडक्याला भोकं पाडली, तो काळा जीवखडा दहाव्यापर्यंत जपायचा असतो. मी तो डोंबिवलीच्या खाडीत भिरकावला आणि घरी येऊन बॅगा भरल्या.

"आप्पा असते तर जाऊन या म्हणाले असते," बायको म्हणाली. आप्पा असं कधीच म्हणाले नसते.

जैसलमेरजवळ वाळवंटातल्या एका उद्यानात पिवळ्या खडकांचे सुळके उभे होते. आमची सई एका सुळक्याभोवती धावत होती. तिसरी फेरी संपल्यावर तिने मूठ उघडली.

"बाबा, हा बघ ना, कसला ओला आहे!"

तो दगड काळा होता. त्याला खाडीच्या चिखलाचा वास येत होता.

"फेकून दे तो!" मी ओरडलो. तिने घाबरून तो माझ्या मागे फेकला.

मडकं फुटल्यासारखा आवाज झाला.

"चला. मागे वळून कुणी बघायचं नाही," मी म्हणालो. स्मशानात गुरुजींनी मला हेच सांगितलेलं.

सई मागे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"बाबा, तुझ्या खांद्यावरून पाणी का गळतंय?"