गायलेले प्रमेय

सोमवारी सकाळी अकरा वाजता, एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर, गणितशिक्षकाच्या एकमेव जागेसाठी मुलाखती चालू होत्या. आत बसलेला उमेदवार लहानपणापासून तोतरा होता. गाताना मात्र त्याची जीभ कधीच अडखळली नव्हती. "अडलास की सरळ गायला लाग," असे ताईने त्याला दाराशी सोडताना बजावले होते.

"पायथागोरसचं प्रमेय सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"क... क... क..."

मग डोळे मिटून त्याने ते प्रमेय, सिद्धतेसह, खणखणीत सुरात गाऊन दाखवले. एकही पायरी चुकली नाही, एकही अक्षर दुणावले नाही.

समितीने पेने खाली ठेवली. "अहो, पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!" म्हणत एक सदस्य टेबलावर ठेका धरू लागले, दुसऱ्यांनी शेजारच्या खोलीतल्या कारकुनांना बोलावून घेतले. तो चार वेळा गायला. टाळ्यांचा कडकडाट ऐकून बाहेर ताईने घरी फोन लावला, "आई, जिंकला गं आपला बाळ्या!"

आत मुख्याध्यापिकांनी हसून हसून डोळ्यांत आलेले पाणी टिपले.

"छान करमणूक झाली. आता गणिताचा उमेदवार पाठवा."