निम्म्या भाड्याची खोली

बानाबाईच्या डोळ्याची पट्टी निघायला चार दिवस होते आणि शहरातले लॉज लई महाग. छावणी भागातल्या शौकतभाईंनी खोली निम्म्या भाड्यात दिली, तेव्हा देवगाव रंगारीचे कीर्तनकार मुंजाबाबुवा मनोमन पांडुरंगाच्या पाया पडले.

"बुवा, तिथं कुणी दुसरा दिवस काढत नाय," शौकतभाई म्हणाले.

"आम्हाला चार काढायचेत. आणखी काही कमी करा की!"

दुपारी बायकोचं मन रमावं म्हणून बुवांनी खोलीतच कीर्तन केलं. संपल्यावर दमून, डोळे मिटून खुर्चीत बसले. तोच पायांवर कपाळ टेकलं.

"अगं, डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय ना!"

"अवं, मी खाटेवर हाय."

बुवांनी डोळे उघडले. समोर नुसती भिंत. पायांवर दुसरं कपाळ टेकलं, मग तिसरं.

"पाय वर घ्या, चला इथून!" बानाबाई घाबरली.

"दर्शनाला आलेल्यांना नाय कसं म्हणू? अन् चार दिवसांचं भाडं भरलंय!"

"रांग लांब हाय का?"

"दिसत नाय गं."

तेवढ्यात, गावाकडं लेकुरवाळ्या बाया ठेवतात तसं, कुणीतरी बुवांच्या पायांवर अलगद बाळ ठेवलं. त्यानं त्यांचा अंगठा घट्ट धरला.