ठकीच्या हाताला येईल असं

सरांनी पुठ्ठ्याचं खोकं उघडलं, आतली लाकडी फळी उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठेही कुसळ लागत नव्हतं.

समोर त्यांची मेहुणी जीव मुठीत धरून बसली होती. मागच्या खेपेला तिने आणलेली बोलकी बाहुली सरांनी दारातूनच परत पाठवली होती. "बाहुली बोलते, मग मूल काय करतं? ऐकत बसतं!" असं वर ऐकवलं होतं. सर शिक्षकांच्या कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवत. त्यांच्या घरात शिरायचं, तर खेळण्यालाही मुलाखत द्यावी लागे.

फळीवर कड्या, आकडे आणि खटके ठोकले होते. एकेक उघडायचं, एकेक लावायचं.

"ही एवढी जड का?" सरांनी मधल्या कडीवर बोट ठेवलं. बाकीच्या पितळी, नाजूक होत्या. ही चांगली जाडजूड, लोखंडी.

"सुतार म्हणाला, भाऊजी, एक तरी खरी असू दे. नुसत्या खेळण्यातल्या लावून पोरांना पुढे खरी सरकवता येत नाही."

"शहाणा दिसतोय तुझा सुतार."

फळी पास झाली. मेहुणीने इकडेतिकडे पाहिलं. "ताई?"

"झोपलीय. तिला उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. पडून राहण्याला पर्याय नाही."

"दारातून नुसती बघते."

"आत्ता कुठे डोळा लागलाय गं." सर गोडच बोलले. दुखणं म्हणजे काय ते या मुलीला कधी कळणार, असं त्यांना मनातून वाटलं.

"तुम्ही कॉलेजात गेलात की ठकी एकटीच?"

"एकटी कशी? तिची आई आहे की घरात."

ठकी पाच वर्षांची होती. सरांनी तिला शाळेत घातलं नव्हतं. मेंढरांच्या कळपात घालून पोरीचं मेंढरू करायचं नव्हतं त्यांना. आपल्या हातांनी घडवायचं होतं. धास्ती एकच होती. बायकोच्या माहेरचे लाडीगोडी लावतील आणि पोर हातची जाईल. म्हणून मेहुणीचं येणं बेताचं, तेही सर घरी असतानाच.

ठकीने पितळी कड्या पटापट उघडल्या. जड कडी मात्र हलेना. तिचे डोळे भरून आले. मेहुणी उठली, तसा सरांनी हात आडवा केला.

"मदत करायची नाही. मुलाचं काम मुलाने करायचं." मग ते स्वतः ठकीशेजारी मांडी घालून बसले. "आधी दांडा वर उचल. आता दोन्ही हातांनी ओढ. आणि खडखड नको, आई झोपलीय."

पुढे ते रोज तिच्याकडून ते करून घेऊ लागले. कडी वाजली की पुन्हा पहिल्यापासून. ठकी रडली, चिडली, जेवेनाशी झाली, पण सर बधले नाहीत. अखेर ती डोळे मिटूनही चिडीचूप कडी सरकवू लागली. सरांचा ऊर भरून आला. कोण म्हणतं पोरं मठ्ठ असतात? शिकवणारा हवा.

ठकीचा वाढदिवस जवळ आला, तशी मेहुणी पुन्हा आली.

"या वेळी तुम्हीच सांगा, भाऊजी. माझं काहीतरी चुकतं."

सर सुखावले. ही बाई आता कुठे माणसांत आली. "तिचा हात बेसिनच्या नळाला पोचत नाही. मला हाक मारते. पायाखाली घ्यायला स्टूल दे. हलकं, तिचं तिला उचलता येईल असं."

"माप घेऊन जाते."

तिने ठकीला पॅसेजमधल्या भिंतीला टेकवून उभं केलं. "हात वर. अजून वर. टाचा उचल." आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.

"अगं, उंची डोक्याशी मोजतात," सर हसले.

"सुताराला हात कुठवर जातो ते लागतं."

ती गेल्यावर सरांनी रेघ खोडून टाकली. भिंतीवर डाग त्यांना खपत नसे.

स्टूल आलं ते बेसिनच्या मानाने जरा उंचच होतं. "वाढतं अंग आहे, दोन वर्षं पुरेल," मेहुणी म्हणाली. सरांना तिचा हा दूरचा विचारही पटला.

त्या आठवड्यात त्यांचं पालकांसमोर व्याख्यान होतं, मुलांसाठी भेटवस्तू कशा निवडाव्यात या विषयावर. सभागृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत मेहुणी दिसली आणि सरांना आणखी चेव चढला. त्यांनी ठकीच्या फळीचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. "मुलाला दार उघडून देऊ नका," ते म्हणाले, "उघडायला शिकवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी पाहिलं तेव्हा मेहुणीची खुर्ची रिकामी होती. घाई असेल. आली हेच खूप.

घरी येऊन त्यांनी लॅच उघडलं. ते आतून नुसतं फिरवलं की उघडायचं, पण त्याला हात लावायचा नाही, हे ठकीला पक्कं ठाऊक होतं.

"ठकी! आवाज नाही आज?"

फळी जमिनीवर पडली होती. सगळ्या कड्या उघड्या, मधली जडसुद्धा. सरांना कौतुक वाटलं. हात धुवायला ते बेसिनपाशी गेले. खाली स्टूल नव्हतं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. वस्तू जागच्या जागी ठेवावी, हे या मुलीला किती वेळा सांगायचं? ते पॅसेजमधून पुढे गेले.

स्टूल पॅसेजच्या टोकाला होतं. बायकोच्या खोलीच्या दाराला त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेरून ठोकलेल्या जाडजूड लोखंडी कडीच्या बरोब्बर खाली, आणि दार सताड उघडं होतं.