पाळण्याची दोरी

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची, संग्रामपूरजवळच्या आमच्या गावची गोष्ट. कपाशीच्या पऱ्हाटीत गाठून शेतमालकाच्या पुतण्यानं माझ्या थोरल्या बहिणीवर जबरदस्ती केली आणि तिला दिवस गेले. सुईण काढ्याची वाटी घेऊन ओसरीवर बसली होती. “पोटातल्या जिवानं काय केलं? पाप लागन,” आजी म्हणाली. “अन् माह्या पोरीनं काय केलं, आत्याबाई?” आई सासूला म्हणाली. बहिणीला कोणी विचारलंच नाही. तेवढ्यात माजघरात पाळणा कुरकुरला. वहिनीचं बाळ तर माझ्या कडेवर होतं. गरवार बाईनं रिकामा पाळणा हलवला तर पोटातलं दगावतं, हे आजीनं बहिणीला बजावलं होतं. ती भिंतीकडे बघत दोरी ओढत होती. “सोड दोरी, माय,” आजी म्हणाली. तिनं ऐकलं नाही. आजीनंच वाटी आणून तिच्यापुढे धरली. तिनं डाव्या हातानं वाटी रिकामी केली; उजवा थांबला नाही.